महानंदाअक्का आणि विमानाचा चार्जर

बेंगळुराजवळच्या येलहंक्याच्या जुन्या गावात जाऊन महानंदा जाधव कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक नुसते बघत राहतील. ब्याटरी अक्का म्हणालात की मात्र भाजीवाल्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत कुणीही हातातलं काम सोडून तुम्हाला दुकानाच्या पायरीपर्यंत आणून सोडील. वर सांगेल, जरा हळू बोला, तिला घाई केलेली आवडत नाही.

अक्काचं वय अठ्ठावन्न. अंगाने ठेंगणी, चष्म्याची काच जाड, आणि दुकानात नेसायच्या साड्यांना ॲसिडची बारीक बारीक भोकं. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची सोय तिने कुणाला ठेवली नाही. घराणं कधीकाळी कुठल्या तरी सरदाराबरोबर महाराष्ट्रातून इकडे आलं असं मोठी माणसं सांगायची. अक्काला त्याचं कौतुक नाही. ती स्वतःची ओळख एवढीच सांगते, की मी कृष्णाजी जाधवांची मुलगी. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि चिडली की दोन्ही एकदम.

कृष्णाजींनी हे दुकान काढलं तेव्हा लॉऱ्या आणि ट्रॅक्टर यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला यायच्या. संध्याकाळी आणून ठेवायच्या आणि सकाळी न्यायच्या. कुणाची कुठली हे कळावं म्हणून प्रत्येकीवर खडूने मालकाचं नाव लिहायचं. महानंदा नवव्या वर्षी काचेच्या नळीने ॲसिडचं वजन बघायला शिकली आणि बाविसाव्या वर्षी, वडिलांची नजर गेल्यावर, दुकानाच्या खुर्चीवर बसली. सुरुवातीला ड्रायव्हर हसले. एकाला तिने झाकण न उघडताच सांगितलं की तुझा चौथा सेल मेलाय. त्याने हट्टाने दुसरीकडे जाऊन तपासून घेतलं, तर चौथाच निघाला. त्यानंतर हसणं बंद झालं. छत्तीस वर्षांत अक्काने ज्या बॅटरीला मेली म्हटलं ती उठली नाही आणि जगेल म्हटलं ती गेली नाही. हे ती स्वतःच सांगते, पण खोटं सांगत नाही.

तिच्या शिस्तीचं मूळ एकोणऐंशी सालात आहे. त्या वर्षी दुकान बंद करून कृष्णाजी घरी गेले आणि मागे चार्जिंगला लावलेली एक बॅटरी फुटली. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो, कोंडला की ठिणगीची वाट बघत बसतो. शेजारच्या शिंप्याचं निम्मं दुकान जळालं. माणूस दगावला नाही, एवढंच नशीब. त्या दिवसापासून कृष्णाजींनी नेम केला. दुकान सोडताना मेनचा खटका खाली ओढायचा, त्याच्यावर तळहात ठेवून खात्री करायची, मग कुलूप. रात्रभर चार्जिंग कायमचं बंद, गिऱ्हाईक थांबलं तर थांबलं. अक्काने हा नेम वडिलांकडून घेतला आणि दुकानात जो जो कामाला आला त्याच्या अंगी मुरवला. नवीन माणसाला ती पहिले आठ दिवस दुसरं काही शिकवतच नसे.

सगळ्यांत चांगला मुरला तो नागराजच्या अंगी. नागराज निपाणीकडचा. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि बोलणं दोन्हींत कमीच. पंचविसाव्या वर्षी बेंगळुरात आला आणि अकरा वर्षं अक्काच्या हाताखाली राहिला. एकदा सांगितलेलं त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पुढे सीलबंद बॅटऱ्या आल्या, लोक जुनी देऊन नवी घ्यायला लागले, चार्जिंगचं काम आटत गेलं. दोन माणसांचं काम उरलं नाही तेव्हा अक्काने नागराजला वाऱ्यावर सोडलं नाही. डॉक्टर सुब्बाराव यांच्या घरचा इन्व्हर्टर वीस वर्षं तिच्याकडे होता. त्यांनी एक छोटं दोन माणसांचं विमान घेतलं होतं आणि ते देवनहळ्ळीच्या पलीकडे एका खासगी धावपट्टीवर, पत्र्याच्या हँगरमध्ये ठेवलं होतं. सांभाळायला माणूस हवा होता. अक्काने सांगितलं, माझा नागराज घ्या, मी शब्द देते. डॉक्टरांनी त्या शब्दावर घेतला, आणि नागराज बायकोमुलींना घेऊन देवनहळ्ळीत राहायला गेला.

नागराज तिकडे गेल्याला दोन वर्षं झाली असतील. एका सकाळी डॉक्टर स्वतः दुकानात आले. हाडांचे मोठे सर्जन, सत्तरीला टेकलेले, ताठ चालणारे. त्यांनी खुर्ची घेतली आणि सांगितलं की विमानाची बॅटरी वर्षभरात दुसऱ्यांदा मेली आहे. आपण महिना-दीड महिन्यातून एकदाच उडतो, मधल्या दिवसांत बॅटरी उतरू नये म्हणून चांगल्यातला चार्जर लावून ठेवलाय, तरी आलं की विमान सुरूच होत नाही. नवी बॅटरी नऊ दिवसांनी येईल. विमानाची देखभाल करणारे इंजिनियर प्रवीणकुमार म्हणतात की आधी चार्जरचा निकाल लावा. तर अक्का, चार्जर तुम्ही निवडून द्या.

अक्काला हे ऐकून मनातून बरं वाटलं. येलहंक्याच्या वायुदलाच्या तळाजवळ जन्म काढला, डोक्यावरून आयुष्यभर विमानं गेली, तिने कधी मान वर केली नव्हती. आता विमानच दुकानात आलं होतं. ती म्हणाली, देते की.

मग डॉक्टरांनी घसा खाकरला आणि उरलेलं सांगितलं. चार्जर आणि नागराज एकाच महिन्यात आले. त्याआधी हा त्रास नव्हता. विमान पुसताना नागराज आतला मुख्य स्विच चालू ठेवून देत असणार, त्याने बॅटरी उतरते. विचारलं तर नाही म्हणतो, पण दोनदा झालं म्हणजे काहीतरी आहेच. महिनाअखेर त्याला काढणार आहे. तुमच्या शब्दावर घेतला होता म्हणून आधी तुम्हाला सांगतो.

अक्काने हातातला पाना खाली ठेवला. तिला राग आला की ती आवाज चढवत नाही, उलट एकेक शब्द मोजून बोलते.

"डॉक्टर, नागराजने स्विच चालू ठेवला असं निघालं तर मी हे दुकान बंद करीन. पण चार्जर निवडायच्या आधी मी विमान बघणार. आणि मी बघेपर्यंत त्याला काही बोलायचं नाही."

डॉक्टर सरी, म्हणजे बरं, म्हणाले. रोग्याला न तपासता औषध मागायला आलो होतो हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

अक्काची तपासायची एक पद्धत आहे. लोकांना ती वेळखाऊ वाटते. ती वस्तूपाशी उघडण्यापासून बंद होईपर्यंत अख्खा दिवस बसते, कुणाशी बोलत नाही, आणि दर तासाला मीटर लावून आकडा खडूने जमिनीवर लिहिते. तिचं म्हणणं, बॅटरी खोटं बोलत नाही पण एका वेळी एकच शब्द बोलते, म्हणून ऐकायला दिवस लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती पिशवी घेऊन हँगरवर हजर झाली. पिशवीत मीटर, खडू, डबा, आणि विमानाच्या बॅटरीच्याच जातीची एक सीलबंद बारा व्होल्टची बॅटरी, मुद्दाम थोडी उतरवून आणलेली. नागराजने विमान पुसून ठेवलं होतं. पांढरं, दोन खुर्च्यांचं, तिच्या मनात होतं त्यापेक्षा बरंच लहान. अक्काने त्याच्याभोवती एक फेरी मारली, पंखाखालून वाकून गेली, आणि एवढ्याशा गाड्याला एवढा रुबाब कशाला म्हणाली. नागराज हसला. पण त्याचं हसणं लगेच मावळलं, आणि ते अक्काने बघितलं.

कोपऱ्यात भिंतीवर डॉक्टरांचा चार्जर होता. चकचकीत, बटणं असलेला, मोठ्या मोटारींसाठी विकतात त्यातला. अक्काने आपली बॅटरी त्याला जोडली, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. जमिनीवर पहिला आकडा पडला. मग ती स्टुलावर बसली ती बसलीच. दुपारपर्यंत आकडे शहाण्यासारखे चढत गेले. बारा पूर्णांक तीन, तेरा, तेरा पूर्णांक चार. मध्ये तिने विमानात डोकावून मुख्य स्विच बघितला. त्याच्यावर नागराजने स्वतःच्या हाताने लाल कापडाची पिशवी शिवून चढवली होती, चुकून हात लागू नये म्हणून. अशा माणसाने स्विच चालू ठेवला म्हणायचं म्हणजे डॉक्टरांची कमालच होती. चार वाजता चार्जरने काम पुरं करून बॅटरी नुसती भरलेली ठेवायला सुरुवात केली. अक्काला चार्जरमध्ये खोट सापडेना, नागराजमध्ये तर नाहीच. ती बुचकळ्यात पडली, पण तसं तोंडावर दिसू दिलं नाही.

सहाला नागराजने झाडलं, खिडक्या लावल्या, दाराचं कुलूप हातात घेतलं आणि उभा राहिला. अक्काही पिशवी घेऊन दारापर्यंत आली आणि थबकली.

"नागराज, मेन?"

"असू दे अक्का, आजच्या दिवस," तो म्हणाला.

असू दे? अकरा वर्षं जिने शिकवलं तिच्यासमोर असू दे? अक्काला वाईट वाटलं. नोकरी जाणार या विचाराने माणूस ढिला पडलाय असं तिला वाटलं, आणि ढिलं पडणं तिला खपत नाही. ती चार पावलं मागे गेली, मेनचा खटका स्वतः खाली ओढला, त्याच्यावर तळहात ठेवला, आणि विसरलास होय, एवढंच म्हणाली. नागराजने तोंड उघडलं आणि मिटलं. बसमध्ये बसल्यावरही तिला चुटपुट लागून राहिली, की एवढा गुणी माणूस, आणि नेमका आपल्यासमोर चुकावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढल्याबरोबर तिने मेन वर केला आणि स्टुलावर बसली. चार्जरवर दिवा लागला. नारिंगी. दिवा लागलाय म्हणजे चालू आहे असं समजून ती डब्यातला उपमा खायला लागली. आठचा आकडा बारा पूर्णांक सात. नऊचा बारा पूर्णांक सात. दहालाही बारा पूर्णांक सातच. चार्ज होणारी बॅटरी तेराच्या पुढे असते, हे नऊ वर्षांच्या पोरीला दुकानात कळलं होतं, ते अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला कळायला दोन तास लागले.

ती उठली आणि चार्जरचं बटण दाबलं. नारिंगी दिवा हिरवा झाला, मीटरचा काटा चढला. मग ती मेनपाशी गेली, खटका खाली ओढला, वर केला. दिवा पुन्हा नारिंगी. पुन्हा बटण, पुन्हा हिरवा. पुन्हा खटका, नारिंगी. असं तिने पाच वेळा केलं. एकदा केल्यावरच कळलं होतं, पण मन मानायला पाच वेळा लागल्या.

हा चार्जर वीज गेली की आपलं काम विसरत होता. परत आली की जागा व्हायचा, दिवा लावायचा आणि कुणीतरी बटण दाबील म्हणून बसून राहायचा. बसल्या बसल्या उलट बॅटरीतूनच थोडं थोडं पीत होता, आणि तिकडे विमानातलं घड्याळही पीत होतं. डॉक्टर उडून आल्यावर स्वतः बटण दाबून जायचे आणि नागराजला बजावून जायचे की याला हात लावायचा नाही. नागराज हात लावायचा नाही. संध्याकाळी नेमाने मेन बंद करायचा आणि सकाळी नेमाने चालू करायचा. पहिल्याच संध्याकाळी चार्जिंग संपायचं आणि पुढचे चाळीस दिवस दिवा तेवढा जळायचा. डॉक्टर यायच्या आधी नागराज चार्जर सोडवून विमान बाहेर काढून ठेवायचा, म्हणून त्यांनी नारिंगी दिवा कधी बघितलाच नाही. दोन बॅटऱ्या कुणाच्या निष्काळजीपणाने गेल्या नव्हत्या. काळजीने गेल्या होत्या, आणि ती काळजी अक्काने शिकवलेली होती. काल संध्याकाळी तर तिने ती स्वतःच्या हाताने केली होती.

अक्का स्टुलावर बसली. तिला लाज वाटली. छत्तीस वर्षांत असं बसायची पाळी आली नव्हती. आपण वडिलांचा नेम पुढे दिला, पण तो कशासाठी होता हे सांगायचं राहून गेलं, असं तिच्या मनात आलं. सीलबंद बॅटरीला, एवढ्या बारीक चार्जिंगला, मोकळ्या हँगरमध्ये त्या नेमाची गरज नव्हती. हे तिला ठाऊक होतं. नागराजला सांगायचं तिला सुचलंच नाही, कारण तो सांगेल ते विनातक्रार करायचा आणि तिला ते गोड वाटायचं.

त्यात आणखी एक मोह होता. डॉक्टरांना चार्जर वाईट आहे एवढंच सांगितलं तरी चालणार होतं. ते खरंही होतं. नागराज सुटला असता, नवा चार्जर आला असता, आणि ब्याटरी अक्का कधी चुकत नाही हे येलहंक्यात तसंच राहिलं असतं. तिने हा विचार चांगला पाच मिनिटं केला. पण अर्ध्या खऱ्याने नागराज अर्धाच सुटला असता. डॉक्टरांच्या मनात राहिलं असतं की चार्जर वाईट होता हे कबूल, पण रोज समोर असून या माणसाला कळलं कसं नाही. आणि पुढे कुठेही काही बिघडलं की बोट पुन्हा त्याच्याचकडे वळलं असतं.

तिने पुढचे चार दिवस चार्जर निवडण्यात घातले, आणि हे काम मात्र तिने एखाद्या मालकिणीच्या थाटात केलं. प्रवीणकुमारांकडून बॅटरी बनवणाऱ्यांचा कागद मागवला आणि चष्मा पुसून दोनदा वाचला. किती व्होल्टच्या वर जायचं नाही, किती अँपियरहून जास्त द्यायचं नाही, सगळं त्यात होतं. बाजारातून तीन चार्जर आणून दुकानाच्या फळीवर मांडले. पहिला डॉक्टरांच्या मनात भरलेला, भला दांडगा. तासाभरात बॅटरी भरून देईन म्हणणारा. अक्का म्हणाली, विमान दीड महिना उभं राहतं, याला तासाची घाई कशाला? तो बाद. दुसऱ्यात मेलेली बॅटरी जोराचा दाब देऊन उठवायची सोय होती. तो दाब कागदातल्या आकड्याच्या वर जात होता, आणि विमानातल्या नाजूक यंत्रांना तो लागला तर काय होईल हे विचारायलाही नको होतं. तोही बाद. तिसरा साधा, लहान, बटण नसलेला. थोडं थोडं देणारा, भरलं की हात आखडता घेणारा, सीलबंद बॅटरीसाठीच बनवलेला. अक्काने त्याची वीज दहा वेळा घालवली आणि दहा वेळा आणली. दहाही वेळा तो न सांगता कामाला लागला. तिने त्याच्यावर खडूने लिहिलं, डॉक्टर. प्रवीणकुमारांनी कागदाशी ताडून बघितलं आणि त्यांचंही मत तेच पडलं.

राहिला प्रश्न मेनचा. चार्जर रात्रंदिवस चालायला हवा आणि हँगरचा मेन तर बंद व्हायला हवा, कारण पेट्रोलचे डबे, दिवे, पंखे, जुनी वायरिंग सगळं तिथेच होतं. अक्काने वायरमन बोलावून मेनच्या अलीकडून एक वेगळी लाइन घेतली, तिला स्वतंत्र फ्यूज घातला आणि एकच सॉकेट काढून घेतलं, फक्त चार्जरसाठी. आता नागराजने खटका खुशाल ओढावा.

नवव्या दिवशी सगळे हँगरवर जमले. प्रवीणकुमारांनी नवी बॅटरी बसवली, चार्जर जोडला, कागदावर सही केली आणि दुसऱ्या हँगरकडे निघून गेले. डॉक्टर खुश होते. अक्काचे आभार मानून म्हणाले, तर दोष चार्जरचाच होता म्हणायचा.

नागराज पलीकडे बादलीत फडकं पिळत होता. अक्काने त्याच्याकडे बघितलं नाही. ती डॉक्टरांसमोर उभी राहिली आणि कन्नडमध्ये, त्यांना नीट कळेल असं, म्हणाली,

"चार्जरचा थोडा. बाकीचा माझा. संध्याकाळी मेन बंद करायचं याला मी शिकवलं, अकरा वर्षं रोज शिकवलं. त्याने माझं ऐकलं आणि तुमच्या दोन बॅटऱ्या गेल्या. त्याने ऐकलं नसतं तर त्या आज जिवंत असत्या. काढायचं असेल तर माझ्याकडची बॅटरीची कामं काढून घ्या. याच्याकडे बोट दाखवू नका."

डॉक्टर म्हणजे मोठ्या इस्पितळात चाळीस वर्षं काढलेला माणूस, चूक माझी हे वाक्य त्यांनी फार ऐकलं नसावं. ते म्हणाले की बटणाला हात लावू नको असं मीच बजावलं होतं, तेव्हा वाटणी करायची तर माझाही वाटा धरा. अक्का म्हणाली, हे मला नको, त्याला सांगा. डॉक्टर गेले, नागराजसमोर ताठ उभे राहिले, आणि तुझी चूक नव्हती, मी उगाच संशय घेतला, असं सरळ सांगितलं. नागराजच्या हातातलं फडकं तसंच ठिबकत राहिलं. त्याने मान हलवली. अक्काच्या छातीवरचा दगड उतरला. दुकान बंद करावं लागलं नाही, शब्द राहिला, आणि माणूस राहिला. ती स्वतःवर पुन्हा खुश व्हायच्या बेतात होती.

डॉक्टरांची गाडी गेल्यावर नागराजने तिला चहा आणून दिला. ती स्टुलावर बसून पीत होती. जमिनीवर तिच्या खडूचे आकडे अजून होते. त्याने ते पुसले नव्हते.

"त्या दिवशी मेन असू दे का म्हणालास रे?" तिने सहज विचारलं.

नागराज काही बोलेना. अक्काने चहाचा पेला खाली ठेवला. दुकानात कुणी गप्प बसलं तर तिला कारण कळायला वेळ लागत नसे. आज लागला.

"तुला ठाऊक होतं?"

हळूहळू त्याने सांगितलं. दुसरी बॅटरी गेली तेव्हा प्रवीणकुमारांनी ती काढायच्या आधी एक दिवस चार्जरवर लावून बघितली होती. ते जेवायला गेले आणि दुपारी वीज गेली. परत आली तेव्हा हिरवा दिवा नारिंगी झालेला त्याने बघितला, आणि सगळं एकदम कळलं.

"म्हणजे दोन महिने झाले. आणि नोकरी जायची वेळ आली तरी तू डॉक्टरांना बोलला नाहीस?"

"कसं बोलू अक्का? मेन का बंद करतोस विचारलं असतं, मग तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. दोन बॅटऱ्या तुमच्यामुळे गेल्या असं माझ्या तोंडाने सांगू?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हटलं, जाऊ दे. दुसरं काम बघता येतं."

अक्काला राग आला. एवढा राग तिला एकोणऐंशीच्या आगीनंतर वडिलांनाही आलेला आठवत नव्हता. दोन मुली शाळेत, भाड्याचं घर, आणि हा गाढव तिच्या नावासाठी सगळं सोडून द्यायला निघाला होता. तिला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला, आणि तिथेच बसून रडावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"ऐक," ती म्हणाली. "मी तुला पुष्कळ शिकवलं. हे एक राहिलं होतं. माझं चुकलं की माझ्या तोंडावर सांगायचं. तिथल्या तिथे. माझं नाव सांभाळायला मी आहे, तू तुझं घर सांभाळ. कळलं?"

"सरी अक्का."

"नुसतं सरी नको. कळलं का?"

"कळलं." नागराजने वर बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. पुन्हा अक्काकडे. "मग एक सांगू?"

"सांग."

"ते नवीन सॉकेट तुम्ही ज्या भिंतीवर बसवायला लावलंय ना, ती पावसाळ्यात भिजते. वरच्या पत्र्याच्या जोडातून पाणी येतं आणि बरोबर तिथूनच खाली उतरतं. दोन पावसाळे मी तिथे बादली ठेवलीय."

अक्का उठली आणि भिंतीपाशी गेली. चष्मा वर करून पत्र्याचा जोड बघितला, मग खाली चुन्यावर पडलेला पिवळट डाग हाताने चाचपला. डाग सॉकेटच्या वीतभरही बाजूला नव्हता. दोन दिवस ती त्याच भिंतीसमोर उभी राहून वायरमनला इंचाइंचाने हुकूम सोडत होती.

"काल का नाही बोललास?" ती म्हणाली, आणि लगेच हात वर करून त्याचं उत्तर थांबवलं. मग मोबाइल काढून वायरमनला फोन लावला, आणि सॉकेट काढून समोरच्या भिंतीला लावायचं आहे, उद्या सकाळी ये, असं सांगितलं. पलीकडून त्याने विचारलं की अक्का, तिथे का नको, तुम्हीच तर जागा दाखवली होती.

"मी चुकीची दाखवली," अक्का म्हणाली. "नागराज सांगतो तिथे लाव."